दिवसभर नसतात

“आणि काकू, दिवसभर घरात पुरुष माणूस कुणी असतं का?” असं बाहेरच्या खोलीत बसलेल्या त्या मुलीनं विचारलं, तेव्हा कृष्णकांत स्वयंपाकघरात चहा गाळत होता. मुलगी म्हणजे तशी तिशीची बाई, रेवा नावाची; ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत होती आणि आपल्या दहा महिन्यांच्या आभासाठी पाळणाघर बघायला आली होती. शशिकलाच्या पाळणाघराचं ते पहिलंच गिऱ्हाईक. प्रश्न तिनं अगदी सहज विचारला, पिण्याचं पाणी उकळता का, असं विचारावं तसा. कृष्णकांतलाही त्याचं काही वाटलं नाही. आता शशिकला म्हणेल, ‘असतात की हे, थांबा, बोलावते,’ आणि आपण ट्रे घेऊन बाहेर जाऊ, एवढंच त्याच्या मनात आलं. खांद्यावरचं फडकं काढून त्यानं खुंटीला अडकवलंसुद्धा. पण शशिकला म्हणाली, “छे, छे. हे दिवसभर नसतात.” एका श्वासात म्हणाली, मध्ये जराही न थांबता. चहाचं भांडं सांडशीत धरून कृष्णकांत ओट्यापाशी उभा होता, पायात स्लिपर होत्या, चष्म्यावर वाफ धरली होती, आणि तो नव्हता.

नसलेला माणूस चहा घेऊन बाहेर येणार कसा? कृष्णकांत तिथंच उभा राहिला. थोड्या वेळानं शशिकला आत आली, तिनं कप भरले, त्याच्याकडे न बघता “जरा इथंच थांबा हं, मग सांगते,” असं पुटपुटली आणि ट्रे घेऊन गेली. त्याच्या वाटचा चहा भांड्यातच राहिला आणि त्यावर साय धरली. फ्रिज आणि ओटा यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढीच जागा होती. तिथं तो पंचवीस मिनिटं उभा होता. बाहेर फी, डिपॉझिट, दुपारची झोप, ताप आला तर कुणाला फोन करायचा, अशी बोलणी चालली होती. मध्येच त्याला शिंक येऊ लागली. खुंटीवरचं फडकं ओढून त्यानं तोंडात कोंबलं आणि शिंक दाबली. डोळ्यांत पाणी आलं, कानात दडे बसले. सदतीस वर्षं नोकरी करून, हप्ते फेडून घेतलेल्या घरात माणसानं शिंक दाबायची म्हणजे काय, हे त्याला त्या दिवशी कळलं. हसूही आलं. रात्री हे शशिकलाला सांगून हसवू, असंही त्यानं ठरवलं होतं. पण रात्री ते सांगायचं काही जमलं नाही.

रेवा गेल्यावर शशिकलाच बोलली. डिपॉझिटच्या नोटा तिनं देवापुढे ठेवल्या होत्या आणि चेहरा असा फुलला होता, की तिच्याशी भांडणं म्हणजे पाप झालं असतं. “अहो, हल्ली सगळ्याच विचारतात. पेपरात काय काय येतं, त्यांचं तरी काय चुकलं? तुमच्याबद्दल का आहे ते?” कृष्णकांत म्हणाला, “मी जाऊ कुठं पण?” “कुठं म्हणजे? बाग आहे, वाचनालय आहे. आणि पोरांची किरकिर तुम्हाला तरी कुठं सोसणारे? थोडे दिवस हो. जरा ओळख झाली की मीच सांगेन तिला.” तो बरं म्हणाला. खरं म्हणजे त्याला विचारायचं होतं ते हे नव्हतंच. कुठं जायचं याचं त्याला काय, आयुष्यभर तो नाकासमोर चालत आला होता, आणखी थोडा चालला असता. त्याला विचारायचं होतं, की तू इतक्या पटकन कशी म्हणालीस? पण असलं विचारणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. त्यानं देवापुढच्या नोटांवर फुलपात्र ठेवलं, पंख्यानं उडू नयेत म्हणून, आणि तो झोपायला गेला.

पाळणाघराची कल्पना शशिकलाची, पण ते उभं केलं होतं कृष्णकांतनं. तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळण्यात ज्याचा जन्म गेला, त्याच्याशिवाय हे काम दुसरं कोण करणार? फोमच्या चटया, स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या दाराला मांडीएवढी फाटकं, प्लगांच्या भोकांना झाकणं, सहा छोट्या गाद्या, औषधांची पेटी, आग विझवायचं लाल नळकांडं, बाहेरच्या दाराला जाळीचं दुसरं दार. आणि आयांना ऑफिसात बसून फोनवर बघता यावं म्हणून दोन कॅमेरे, एक हॉलमध्ये, एक झोपायच्या खोलीत. तीन ठिकाणी भाव काढून, घासाघीस करूनही पाऊण लाखाच्या वर गेलं. गेलं ते त्याच्या ग्रॅच्युइटीतून, पण त्याचं त्याला काहीच वाटलं नव्हतं. पेन्शन म्हणून जे येतं त्यात गॅस आणि वीज भागते. मुलगा निनाद पुण्याला, त्याचे हप्ते त्याला. आणि शशिकलानं बत्तीस वर्षांत एकदाही स्वतःच्या पैशानं साधा रुमाल घेतला नव्हता. सोसायटीची परवानगीही त्यानंच काढली, सेक्रेटरीच्या दारात सात खेटे घालून. टेबलाचे कोपरे पॉलिश पेपरनं घासून गोल केले, आपल्या गालावर फिरवून बघितले. आरामखुर्चीत पोरांची बोटं सापडतील म्हणून ती भंगारात घातली. भिंतीवरचे फोटो, त्यांत निनादच्या लग्नातला त्यांचा दोघांचा मोठा फोटोही, काच नको म्हणून उतरवून माळ्यावर ठेवले आणि तिथं फळांचा तक्ता लावला. सगळं हौसेनं केलं. दसऱ्याला त्यानं जाळीच्या दाराला झेंडूचं तोरण बांधलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला, पहिलं मूल यायच्या आत, त्याच दारातून डबा घेऊन तो बाहेर पडला.

तेव्हापासून रोज सव्वाआठ. कॅमेरे असल्यामुळे आतल्या खोलीत दबा धरून बसायचीही सोय नव्हती, आणि तसं बसणं त्याला शोभलंही नसतं. शशिकला डबा भरून द्यायची, पोळीभाजी, वर एखादी वडी. खाली फाटकाशी बरेचदा रेवा भेटायची, कडेवर आभा, खांद्याला दोन पिशव्या. एकदा तिनं हसून विचारलं, “काका, तुम्ही कुठल्या विंगचे?” आणि तो म्हणाला, “पलीकडच्या.” खोटं बोलायचं त्याला काही कारण नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. मग तिला दिसावं म्हणून दोन-चार दिवस तो संध्याकाळी पलीकडच्या विंगच्या जिन्यात जाऊन उभा राहायचा, ती पोर घेऊन गेली की उतरायचा. साठी उलटलेला माणूस, डब्याची पिशवी घेऊन दुसऱ्यांच्या जिन्यात उभा! कुणी विचारलं असतं तर काय सांगणार होता? पण कुणी विचारलं नाही. नवीन पनवेलात कोण कुणाला विचारतं? सगळे आपापल्या घाईत, मुंबईहून उतरलेले, पुण्याहून आलेले, सातव्या वर्षीही शेजाऱ्याचं आडनाव पाटीवर वाचणारे. दिवस काढणं मात्र त्याला वाटलं त्याहून कठीण निघालं. वाचनालय बाराला बंद व्हायचं ते चारला उघडायचं. बँकेत पासबुक तरी किती वेळा छापून घेणार? एकदा एसटीत बसून चिरनेरला गेला, देवळाबाहेर डबा खाल्ला आणि परत आला, पण परतल्यावर घड्याळात पाहिलं तर अडीचच वाजले होते. स्टेशनवरच्या बाकावर बसावं तर गाडी न पकडणारा माणूस लगेच डोळ्यांवर येतो. निनादचा फोन दुपारीच यायचा. “बाबा, काय म्हणतेय आईची शाळा? तुम्हाला पण मस्त टाइमपास झाला असेल ना नातवंडांचा?” कृष्णकांत म्हणायचा, “हो, हो, धुडगूस असतो नुसता,” आणि समोरून एखादी बस गेली तर हातानं फोन झाकायचा.

थोडे दिवस म्हणता म्हणता दिवाळी गेली, संक्रांत गेली. एकाची पाच मुलं झाली. शशिकला बदलली होती, चांगली बदलली होती. आयांशी फोनवर बोलताना तिचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. पैसे स्वतः बँकेत टाकायची. रात्री पाय चोळत चोळत कुणी काय केलं ते सांगायची आणि सांगता सांगता झोपून जायची. आभा उभी राहिली, आभा चालली, आभानं फळांच्या तक्त्यातलं केळं चाटलं. ज्या पोरीला त्यानं फाटकाशी नुसतं ओझरतं पाहिलं होतं, तिचे सगळे दात त्याला पाठ झाले. तो ऐकायचा, हसायचा. शशिकलाला दोष द्यावा असं काही सापडत नव्हतं आणि तीच तर पंचाईत होती. ती टाकून बोलली असती, तिनं दुर्लक्ष केलं असतं, तर रागावता तरी आलं असतं. त्याला फक्त एवढं एक कळायला हवं होतं, की त्या दिवशी ती ते गिऱ्हाइकासाठी म्हणाली, की तिच्याही मनात, कुठंतरी खाली, तिलाही नकळत, तसलं काही होतं? बाकी मग उन्हात बसायला त्याची ना नव्हती. तिच्या मनात काही नसेल, तर तो चिरनेरच्या देवळाबाहेर जन्मभर डबा खायला तयार होता. पण हे विचारायचं कसं? ‘शशी, तुला माझ्याबद्दल कधी...’ वाक्य इथंच थांबायचं. पुढचा शब्द उच्चारला की तो घरात आला, आणि एकदा आलेला असला शब्द कुठल्याही फाटकानं अडत नाही.

रिकामा माणूस आणि रिकामी दुपार. त्याचं मन मागं मागं जाऊन पुरावे शोधू लागलं. बावीस-तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. वरच्या मजल्यावरची अनुया दहावीत होती, गणितात कच्ची, आणि तिच्या वडलांनी शब्द टाकला म्हणून कृष्णकांत तिला संध्याकाळी शिकवायचा, हॉलमध्ये, जेवणाच्या टेबलाशी. पहिल्याच आठवड्यात एकदा शशिकला मेथीची जुडी आणि ताट घेऊन बाहेर आली आणि दाराशी पाट टाकून निवडत बसली. मग रोजच बसू लागली, कधी मेथी, कधी गवार, कधी तांदूळ. एरवी ती भाजी आत ओट्यापाशी उभ्यानंच निवडायची. त्याला तेव्हा केवढं बरं वाटलं होतं! आपली बायको आपलं शिकवणं ऐकायला बसते, वर्गसमीकरण सुटलं की मान वर करून बघते. त्याचा आवाज मग जरा चढायचा, एखादा विनोदही व्हायचा. इतकी वर्षं ती संध्याकाळ त्याच्याजवळ होती, ट्यूबलाइटचा उजेड, मेथीचा वास, अनुयाचं वहीवर पेन आपटणं, शशिकलाच्या बांगड्या. काही चांगलं आठवावंसं वाटलं की तो ती काढून बघायचा. आणि आता बागेतल्या बाकावर बसून त्यानं ती काढली, तर दाराशी बसलेली शशिकला वेगळीच दिसली. ती ऐकायला बसली होती, की राखायला? मान वर करून बघायची ती कुणाकडे? त्यानं स्वतःलाही धुंडाळलं, अगदी आत उतरून, कठोरपणे: त्या पोरीकडे आपण कधी वावगं बघितलं होतं का? कुठल्याही पोरीकडे? काही नव्हतं. देवाशपथ काही नव्हतं. पण असं धुंडाळावं लागणं हीच एक घाण होती, आणि धुंडाळून काही न सापडल्यावर माणूस पूर्वीसारखा स्वच्छ होत नाही. काही नसलं तरी पुन्हा एकदा बघून घ्यावंसं वाटतं. मेथीची संध्याकाळ तर गेलीच. ती काही आता परत येणार नव्हती.

बागेच्या कुंपणापलीकडे एक इमारत उठत होती. तिथं कामाला येणारी साळू नावाची बाई डोंगराकडच्या वाडीवरची, सडपातळ, पंचविशीची, डोक्यावर चुंबळ. तिची तीन वर्षांची पोरगी लली दिवसभर रेतीच्या ढिगावर असायची. फेब्रुवारीत एके सकाळी साळू कुंपणाच्या फटीतून पोरीला घेऊन आत आली आणि सरळ कृष्णकांतच्या बाकाशी आली. “बाबा, तुमी हितंच असता ना रोज? हिच्याकडं बघा जरा. आज वर सळ्या चढवतात, खाली पोर नको ठेवू बोलला मुकादम.” कृष्णकांतनं मागं वळून पाहिलं, आपल्यामागे कुणी बाबा आहे का ते. “मी?” तो म्हणाला. “मी कोण ते तुला ठाऊक तरी आहे का?” साळू हसली. “आता बाबा हाय तुमी, आनि कोन?” एवढं म्हणून ती गेलीसुद्धा. लली बाकावर चढून बसली आणि त्याच्या डब्याच्या पिशवीकडे बघू लागली.

अकरा दिवस लली त्याच्याकडे होती. हे अकरा दिवस कृष्णकांत सुखात होता, आणि सुखाला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही. सळ्या चढून झाल्या, तरी साळू पोर आणून सोडत राहिली. तोही साडेआठच्या आत बाकावर हजर असायचा. शशिकलाला त्यानं वडी जरा जास्त द्यायला सांगितली. लली फार बोलायची नाही. पोळीचा घास मुठीत धरून खायची, बदामाची लाल पानं गोळा करून त्याच्यापुढे मांडायची आणि दुपारी त्याच्या मांडीवर डोकं टेकून जी झोपायची ती दोन-दोन तास. तो हलायचा नाही. पायाला मुंग्या यायच्या, आल्या तर येऊ देत. तिच्या केसांत सिमेंटची भुकटी असायची. ती त्यानं हळूहळू बोटांनी झटकली. आपलंही पाळणाघर निघालं, फी नाही, डिपॉझिट नाही, कॅमेरा नाही, असं शशिकलाला सांगावं, ती पोट धरून हसेल, असं रोज त्याच्या मनात यायचं. आणि रोज तो सांगायचा नाही. का सांगत नव्हता? आज सांगू, उद्या सांगू करता करता, न सांगणं हीच एक गोष्ट होऊन बसली, आणि तिचा त्याला हळूहळू धाक वाटू लागला.

बाराव्या दिवशी लली अशीच झोपली होती, तेव्हा समोर एक बाई येऊन उभी राहिली. पायात पळायचे बूट, हातात फोन, फोन त्याच्याकडे रोखलेला. “मुलगी कुणाची आहे?” तिनं विचारलं. आवाजात आदरही होता. “माझी नाही,” कृष्णकांत म्हणाला, आणि म्हणता क्षणीच आपण चुकीचं उत्तर दिलं हे त्याला कळलं. “मग तुमच्या मांडीवर कशी?” तो सांगू लागला, साळू, सळ्या, मुकादम, पण ते त्याच्याच कानांना रचल्यासारखं वाटू लागलं. बाईनं बागेच्या वॉचमनला हाक मारली. दोघं-चौघं जमले. कुणी तरी “घर कुठंय काका तुमचं, घरी कोण असतं?” असं विचारलं. घरी कोण असतं! तेवढ्यात साळू कुंपणातून धावत आली, हात सिमेंटनं भरलेले. “पोर माझी हाय. मीच दिली बाबाकडं. तुमाला काय झालं?” बाईनं फोन खाली केला. “तुम्हाला कळत नाही हो, तुमच्याच भल्यासाठी सांगतेय,” असं म्हणाली आणि पळायला लागली. वॉचमन मात्र हळूच म्हणाला, “काका, उद्यापासून नका बसू इथं. उगाच लफडं. व्हिडिओ-बिडिओ गेला तर तुमचं तोंड सगळीकडं.” लली जागी झाली होती. कृष्णकांत उठला तेव्हा तिनं त्याचा सदरा धरला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. सदरा ओढून घेऊन तो भराभर चालू लागला, मागून साळू “बाबा, ओ बाबा, तुमी कशाला जाता?” असं ओरडत होती, तरी थांबला नाही. उड्डाणपूल ओलांडून पार पनवेल गावातल्या तळ्याशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की डबा बाकावरच राहिला. रात्री शशिकलानं विचारलं, “डबा?” तो म्हणाला, “हरवला.” तिनं दुसरा डबा काढला.

मग तळं. तळ्याच्या काठी म्हातारे बरेच बसतात, त्यात एक जास्त झाला तर कुणाला कळत नाही. मूल असलेल्या बाकापासून तो लांब बसायचा. चेंडू घरंगळत आला तर पायानं लांबूनच ढकलायचा. रस्त्यानं चालताना समोरून शाळेची पोरं आली तर पलीकडच्या कडेला जायचा. हे सगळं कुणी त्याला सांगितलं नव्हतं, त्याचं त्यालाच सुचत गेलं. शशिकलाला विचारायचा प्रश्नही हळूहळू बदलला. आता तिच्या मनात काय आहे, एवढंच राहिलं नव्हतं. त्या पळणाऱ्या बाईला आपल्यात काय दिसलं, हेही त्याला मिसळलं होतं. काहीतरी दिसत असल्याशिवाय लोक उगाच फोन रोखतात का? आरशात दाढी करताना तो चेहरा लवकर आटपायचा. असे तीन आठवडे गेले. ऊन तापू लागलं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी पाऊण वाजता, त्याचा फोन वाजला. शशिकला दुपारी कधी फोन करत नसे. “अहो, मी पडले. बाथरूममध्ये पाय घसरला. उठता येत नाहीये मला. पोरं रडतायत. कुठं आहात तुम्ही? या ना लवकर.” एवढं बोलतानाही ती दोनदा कण्हली. कृष्णकांत धावला. रिक्षावाल्याला त्यानं मीटरही टाकू दिला नाही. पुलावर नेहमीची कोंडी, तिथं तो अर्धा बाहेर झुकून पुढच्यांना हात करत होता. दुसऱ्या मजल्याचे जिने दोन-दोन पायऱ्या टाकत चढला, छातीत कळ आली तरी. शशिकलानं सरपटत येऊन कडी काढून ठेवली होती. त्यानं दोन्ही दारं उघडली, आणि उंबऱ्याशी थांबला.

पाच महिन्यांत पोरांनी भरलेलं हे घर तो पहिल्यांदा बघत होता. लाल-पिवळ्या चटयांवर शशिकला भिंतीला टेकून बसली होती, एक पाय लांब, घोटा सुजून निळा पडलेला. दोन पोरं तिला बिलगली होती, दोन आत झोपली होती. आणि मधोमध आभा उभी होती, पाय फाकून, लालभडक होऊन रडत, नाक ओठांपर्यंत आलेलं.

“असे बघता काय? आत या,” शशिकला म्हणाली. “आधी हिला घ्या हो. केव्हाची रडतेय, खाली बसायला तयार नाही.”

“रेवाला फोन केलास?”

“केला. निघालीय ऐरोलीहून, तास तरी लागेल. तीच म्हणाली, काकांना बोलवून घ्या, ते सांभाळतील.”

“ती म्हणाली?”

“अहो, तिला मी महाशिवरात्रीच्या आधीच सांगितलंय सगळं. तुम्ही घरीच असायचात, रिटायर आहात, सगळं. तर हसायलाच लागली. म्हणाली, अय्या काकू, मी ते पाळणाघराला काय काय विचारायचं अशा कुठल्याशा यादीत वाचून विचारलं होतं, मनात काहीच नव्हतं माझ्या. राहू द्या की त्यांना घरी.” शशिकलानं पाय हलवला आणि डोळे घट्ट मिटले. “तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बघा.”

राहून गेलं. कृष्णकांतनं मनातल्या मनात दिवस मोजले. महाशिवरात्रीच्या आधी. तेव्हा लली त्याच्या मांडीवर झोपत होती. तेव्हा अजून कुणी फोन रोखला नव्हता. त्याला हेही कळलं, की पाच महिने तो ज्याचा शोध घेत होता ते शशिकलाच्या मनात नव्हतं, कधीच नव्हतं. मेथी निवडतानाही नव्हतं. तिथं काहीच नव्हतं. सांगायचं राहून जावं इतकं काहीच नव्हतं. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो वाट बघत उभा राहिला, पण तसं काही वाटलं नाही.

“अहो!” शशिकला म्हणाली.

आभानं त्याला पाहिलं. नवा माणूस बघून तिचं रडं क्षणभर थांबलं. मग ती डुलत डुलत चटया ओलांडून आली, जाळीच्या दाराला एका हातानं धरून उभी राहिली, आणि पुन्हा रडू फुटता फुटता तिनं दोन्ही हात वर केले. घे. एवढंच. उंबऱ्याच्या अलीकडे ती, पलीकडे तो. वाकलं की पुरे होतं.

कृष्णकांतनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरले.

शशिकलानं ते पाहिलं. तिनं आधी त्याच्या खांद्यांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि घोट्याचं दुखणं ती विसरली असावी, कारण भिंतीला धरून उठायचा प्रयत्न करताना ती कण्हलीही नाही. “अहो, काय झालं?” ती म्हणाली. “काय झालंय तुम्हाला? मूल आहे ते. घ्या ना.”

“कुणीतरी बाईमाणूस येऊ दे,” कृष्णकांत म्हणाला. “मग मी येतो आत.”

आणि दार उघडंच ठेवून, हात तसेच पाठीमागे धरून, तो बाहेर जिन्याच्या पायरीवर बसला. आभा उंबऱ्याशी फतकल घालून रडत राहिली.